वाणात दिलेलं फर्न

ज्या झाडाला फूल येत नाही त्याला आमच्या ले-आऊटमध्ये, म्हणजे आमच्या वसाहतीत, झाड म्हणत नसत. जास्वंद हवी, कारण ती देवाला लागते. मोगरा हवा, कारण तो वेणीत घालता येतो. कढीपत्ता हवा, म्हणजे शेजारीण मागायला येते आणि तिला उद्या ये म्हणता येतं. नुसता पाला असलेलं झाड कोणी लावलं तर लोक विचारायचे, हे कशासाठी? जणू त्यांच्या घरातलं प्रत्येक माणूस कशासाठी तरी होतं.

आमचं फर्नसुद्धा कोणी हौसेनं आणलं नव्हतं. वर्ध्याच्या बाजारात आमचं भांड्यांचं दुकान आहे. माझे भासरे, म्हणजे थोरले दीर, आणि माझे यजमान असे दोघे भाऊ ते चालवतात. दुकानाच्या वर राहणाऱ्या एका साहेबाची बदली झाली. त्याचं सामान ट्रकमध्ये मावलं नाही आणि एक कुंडी पायरीवर राहून गेली. कुंडीला काठावर नक्षी होती म्हणून भासऱ्यांनी ती घरी आणली. आत काय आहे ते त्यांनी पाहिलंही नसेल. माझ्या मोठ्या जाऊबाईंनी कुंडी फाटकाजवळ ठेवली, येणाऱ्याजाणाऱ्याला नक्षी दिसावी म्हणून. तेव्हा चैत्र चालू होता. इकडचं चैत्रातलं ऊन म्हणजे वाळत घातलेली गोधडी करकरीत व्हावी असं. आठवड्याभरात त्या फर्नची केरसुणी झाली. जाऊबाईंनी ती उपटून घराच्या मागच्या बोळात फेकली आणि नक्षीच्या कुंडीत सदाफुली लावली.

तो बोळ म्हणजे आमचं घर आणि शेजारच्यांचं दुमजली घर यांच्यामधली चिंचोळी जागा. शेजारच्यांनी माडी बांधली तेव्हापासून तिथे ऊन कधी आलं नाही. घरात नको असलेलं सगळं तिथे जायचं. विटांचे तुकडे, कूलरच्या जाळीतलं सडलेलं गवत, फुटका रांजण. आतल्या खोलीचा कूलर त्याच बाजूच्या खिडकीला बसवला होता आणि त्याची टाकी गळायची. टाकी दुरुस्त करायचं भासरे दर उन्हाळ्यात ठरवायचे आणि दर पावसाळ्यात विसरायचे. माझ्या आयुष्यातल्या बऱ्या गोष्टींपैकी एक त्यांच्या या आळसामुळे झाली, हे मी कबूल करते. फेकलेला तो गड्डा गळतीच्या पाण्याजवळ, विटांच्या सांदीत पडला होता. मृग लागायच्या आधीच त्यातून हिरव्या गुंडाळ्या वर आल्या.

माझ्या हातात काही विशेष गुण होता असं नाही. जागा चांगली होती, आणि मी तिथे असायचे. घरात मी फारशी बोलत नसे. भासऱ्यांसमोर तर तोंड उघडायची पद्धतच नव्हती, आणि जाऊबाईंसमोर उघडून उपयोग नव्हता. दुपारी सगळे कूलरसमोर पसरले की मी तांदळाचं सूप घेऊन कूलरच्या मागे जाऊन बसायची. कूलर हवा आत ओढतो, तेव्हा मागच्या जागेलाही थोडा ओला गारवा येतो. निवडता निवडता मी पाहत असे. एका जागी पाणी साचलं तर फर्न काळं पडतं. विटांच्या तुकड्यांवर कुजलेला पाला असला की पसरतं. शेण घातलं तर पानांच्या कडा जळतात. भासऱ्यांनी एकदा दुकानातून मूठभर युरिया पाठवला, कोणा शेतकरी गिऱ्हाइकाकडून मागून. तो मी गटारात टाकला. यजमानांनी एकदा बोळात डोकावून विचारलं, "हे खातात का?" मी नाही म्हटलं. मग ते कधी आले नाहीत.

मुळांतून बारीक दोरे निघतात, ते जिथे टेकतात तिथे नवं रोप होतं. तीन-चार उन्हाळ्यांत बोळाच्या दोन्ही भिंतींच्या कडेनं फर्न भरलं. मधून एक माणूस जाईल एवढी वाट. ती एवढीच ठेवली होती, कारण जाणारी मी एकटीच होते.

आता संक्रांतीचं सांगते. हळदीकुंकवाला आमच्या घरचं वाण म्हणजे स्टीलची वाटी नाहीतर चमचा, हे ठरलेलं. दुकान भांड्यांचं, दुसरं काय देणार? बायका तोंडावर म्हणायच्या, किती जड वाटी आहे. फाटकाच्या बाहेर म्हणायच्या, पडून राहिलेला माल खपवला. एका वर्षी एका वाटीला पोचा निघाला. ती वाटी आमच्या समोरच्या बाईंकडे गेली. समोरच्या बाई म्हणजे ले-आऊटमधलं आकाशवाणी केंद्र. त्यांच्या दारावरची घंटीसुद्धा गाणं म्हणायची. त्यांनी ती पोचा पडलेली वाटी रथसप्तमीपर्यंत घरोघर नेऊन दाखवली. दाण्याची चटणी द्यायचं निमित्त करून, तिच्यातच चटणी घालून.

जाऊबाईंना ते फार लागलं. पुढच्या वर्षी नागपूरला एका लग्नात त्यांनी स्टेजवर फर्नच्या कुंड्या पाहिल्या. आमच्या बोळात जे उगवतं ते पैसेवाले स्टेजवर ठेवतात हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. घरी येऊन त्यांनी लुगडंही बदललं नाही.

"यंदा आपण फरन लुटू," त्या म्हणाल्या. "बोळात रान माजून राह्यलं. तेवढीच जागा साफ होईल."

मी हळू आवाजात म्हटलं की थंडीत उपटलं तर ते जगत नाही, आणि सगळ्यांकडे सावली नाही.

"मेलं तर मेलं," जाऊबाई म्हणाल्या. "वाट्या काय जगतात?"

मी फर्न उपटलं. पंधरवडाभर सकाळी बोळात बसून गड्डे फाडले, प्लास्टिकच्या पेल्यांत माती भरली, आणि प्रत्येक पेल्यावर जाऊबाईंनी लाल कागदाची पट्टी चिकटवली. पार टोकाला, फुटक्या रांजणामागे जेवढं होतं तेवढं मी राखलं. ते त्यांना दिसलं नाही, कारण टोकापर्यंत जायचं म्हणजे पाय ओले झाले असते.

हळदीकुंकू जोरात झालं. असं वाण कोणी पाहिलं नव्हतं. बायका पानांवरून हात फिरवत होत्या, कोणी म्हणे हे नागपूरला फार महाग मिळतं, कोणी म्हणे याच्यानं घरात हवा शुद्ध राहते. "घरचंच आहे," जाऊबाई सांगत होत्या, "आम्हीच वाढवलं." मी आतून तिळगुळाच्या ताटल्या पोचवत होते. कोणी मला काही विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की सावलीत ठेवा, बाकी काही करू नका. पण काही न करणं ही गोष्ट आमच्या ले-आऊटमध्ये कोणाला जमणारी नव्हती.

एकीनं ते तुळशीच्या ओट्यावर ठेवलं, भर उन्हात, कारण वाण देवाजवळ असावं. एकीनं टीव्हीवर ठेवलं आणि टीव्ही बिघडू नये म्हणून पाणी घातलं नाही. एकीनं रोज देवाचं दूधपाण्याचं तीर्थ ओतलं, त्याला मुंग्या लागल्या, मग मुंग्यांची पावडर टाकली. समोरच्या बाईंची कथा सगळ्यांत पुढची. फर्नच्या पानामागे तपकिरी ठिपक्यांच्या ओळी येतात. ते त्याचं बी समजा. समोरच्या बाईंना ती कीड वाटली. त्यांनी चिंधी रॉकेलमध्ये बुडवून एकेक पान मागून पुसलं. मग पानं पिवळी पडली तेव्हा त्या म्हणाल्या, पाहा, कीड आत शिरली होती.

होळीपर्यंत ले-आऊटमधलं सगळं फर्न वाळलं. एवढ्यावर थांबलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण वाण वाळलं म्हणजे काय, हा प्रश्न कोणाला तरी सुचला. वाटी वाळत नाही, चमचा मरत नाही. आजवर कोणाचं वाण मेलं नव्हतं. सौभाग्याचं लेणं म्हणून हळदीकुंकू लावून घेतलेली वस्तू घरात मेली, याचा अर्थ काय लावायचा? आमच्या बायकांना अर्थ लावायला फार वेळ लागत नाही. त्याच आठवड्यात समोरच्या बाईंचे यजमान स्कूटरवरून घसरले आणि पायाला प्लास्टर बसलं. ते पान थुंकायला वळले होते, हे नाक्यावरच्या सगळ्यांनी पाहिलं होतं. पण दोष फर्नचा निघाला. मग दुसऱ्या घरी मुलगा नापास झाला. त्यानं वर्षभर पुस्तक उघडलं नव्हतं. तेही फर्ननं केलं. तिसरीच्या माहेरची म्हैस आटली. ती म्हैस केळझरकडे, फर्न वर्ध्यात, तरी पोचलं.

समोरच्या बाई एका सकाळी आपला पेला घेऊन आल्या आणि आमच्या ओसरीवर ठेवून गेल्या. असलं वाण आम्हाला नको म्हणाल्या. दुपारपर्यंत आणखी दोघी आल्या. मग रोजच कोणी ना कोणी. लाल पट्टी लावलेले पेले ओसरीच्या कडेला रांगेत उभे राहिले, प्रत्येकात वाळलेल्या काड्या.

जाऊबाईंची भाषा त्या आठवड्यात बदलली. संक्रांतीला 'आम्ही वाढवलं' होतं. आता प्रत्येकीला सांगू लागल्या, "धाकटीनं लावलं होतं, मले काय माहीत? ती तिथंच बसून राहते दिवसभर. काय करते, काय नाई." ऐकणाऱ्या माझ्याकडे पाहायच्या. बोळात एकटी बसणारी, न बोलणारी बाई. याच्या पुढचं वाक्य कोणी माझ्यासमोर म्हटलं नाही, पण नळावर मी गेले की बोलणं थांबायचं आणि एखादी आपलं लेकरू कडेवर घ्यायची.

संध्याकाळी भासऱ्यांनी निकाल दिला. बोळात उरलेलं सगळं खणून काढायचं आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत सिमेंटचा कोबा करायचा. तिथे दुकानाचे रिकामे खोके ठेवता येतील. रात्री मी यजमानांजवळ विषय काढला. ते म्हणाले, "दादानं ठरवलं आहे." आमच्या घरात हे वाक्य आलं की बोलणं संपायचं. पुढे ते म्हणाले, गच्चीवर कुंडीत लाव. गच्चीवर. मे महिन्यात. मी दिवा मालवला.

दोन दिवसांनी अंगणात रेती पडली. मिस्त्री सकाळी येऊन बोळ मापून गेला आणि दुपारून कामाला येतो म्हणाला. मला दुसरी जागा नव्हती. स्वयंपाकघर जाऊबाईंचं, ओसरी भासऱ्यांची, खोलीत यजमानांचा रेडिओ. मी माहेरी गेले असते तर आठ दिवसांनी परत यावं लागलं असतं, आणि परत आल्यावर बोळात खोके दिसले असते.

त्याच दुपारी समोरच्या बाई तिघी-चौघींना घेऊन आल्या. पेले परत केले तरी त्यांच्या यजमानांचं प्लास्टर उतरलं नव्हतं, तेव्हा आता उतारा काय, हे जाऊबाईंना विचारायला. जाऊबाई म्हणाल्या, काळजी करू नका, आजच सगळं उखडून फेकतो, मुळासकट. बायकांना बरं वाटलेलं दिसलं. मी दाराच्या आड उभी होते. पाण्याचा तांब्या द्यायला मी बाहेर आले आणि तांब्या ठेवता ठेवता माझ्या तोंडून निघालं.

"परत आलेलं वाण फेकत नाहीत."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्यासमोर आजवर 'घ्या' आणि 'बसा' याशिवाय काही बोलले नव्हते. आता थांबता येणार नव्हतं.

"काऊन?" समोरच्या बाईंनी विचारलं.

"आमच्या माहेरी असं आहे," मी म्हटलं. "वाण परत केलं तर देणारीले आपल्या घरी जगवावं लागते, आणि हे जगते ते बोळातच. तिथून फेकलं, नाईतर तिथं मेलं, तर मग परत करणारीच्या घरी जाते."

"काय जाते?"

"ते मले नाई माहीत. आमच्या गावात कोणी करून नाई पाहिलं."

असा नियम माझ्या माहेरी नव्हता. कुठेच नव्हता. समुद्रपूरच्या पलीकडच्या आमच्या गावात वाण म्हणून बोरं आणि हरभऱ्याचे घाटे द्यायचे, ते बायका घरी पोचायच्या आतच खाऊन टाकायच्या. मी तो नियम त्या ओसरीवर उभ्या उभ्या तयार केला. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. म्हैस आटल्याचा दोष ज्यांनी पानावर टाकला, त्यांना त्यांच्याच दुकानातला माल दिला.

समोरच्या बाईंनी एवढा विचार आयुष्यात केला नसेल. आधी त्यांनी रेतीकडे पाहिलं, मग रांगेतल्या पेल्यांकडे, मग जाऊबाईंकडे.

"मंग तुम्ही मिस्त्री कायले बोलावला?" त्यांनी विचारलं.

जाऊबाई म्हणाल्या की ही धाकटी काहीही बोलते, हिचं माहेर म्हणजे जंगल. पण त्यानं उलटच झालं. जंगलातल्या लोकांना असल्या गोष्टी जास्त माहीत असतात, असं एक जण म्हणाली. दुसरीला आठवलं की तिच्या आत्यानंही असंच काहीतरी सांगितलं होतं. नियम जन्मून अजून पाणीही कोणी प्यालं नव्हतं आणि त्याला साक्षीदार मिळाला. समोरच्या बाई पदर खोचून उठल्या.

"तुमचं वाण, तुम्ही उखडता, आणि भोगायचं आम्ही? माझ्या घरी आधीच एक पाय टांगून पडला आहे. हात लावून दाखवा त्या बोळाले."

जाऊबाई हसून म्हणाल्या, "बोळात कोण कोबा करते व? कोबा तर समोर करायचा आहे."

आणि समोरच केला. मिस्त्री आला तेव्हा त्याला फाटकाजवळची जागा दाखवली गेली. भासरे दुकानातून आले आणि त्यांना अंगणात कोबा झालेला दिसला. त्यांनी विचारलं तेव्हा जाऊबाईंनी सांगितलं की बोळापेक्षा इथे जास्त गरज होती. सदाफुलीची नक्षीदार कुंडी त्या कामात फुटली.

परत आलेले पेले मी बोळात नेले. वाळक्या काड्या कापल्या, गड्डे चाचपून पाहिले. रॉकेलवाला आणि मुंग्यांच्या पावडरचा, हे दोन पार गेले होते. बाकीच्यांत आत थोडा ओलावा होता. ते विटांच्या सांदीत दाबले आणि सोडून दिले. मेलेल्यांच्या जागी मी टोकाला राखलेल्यातले तुकडे लावले. कोणता गड्डा कोणाचा, हे ओळखणार कोण? आषाढात सगळीकडून गुंडाळ्या वर आल्या. तोवर समोरच्या बाईंच्या यजमानांचं प्लास्टर उतरलं होतं, कारण डॉक्टरांनी सांगितलेले दिवस संपले होते. श्रेय फर्नला मिळालं.

त्यानंतर मला दुसराच त्रास सुरू झाला. बायका बोळाच्या तोंडाशी येऊन आपापलं वाण जिवंत आहे का ते विचारायच्या. शुक्रवारी पानांवर हळदीकुंकू टाकून जायच्या. त्या गेल्या की मी पानं धुवायची, कारण कुंकवानं त्यांना डाग पडतात. उन्हाळ्यात नळ एक दिवसाआड यायचा, तेव्हा ज्या बायका आजारी सासूला पाण्याचा पेला द्यायला कुरकुरायच्या, त्या भरल्या बादल्या घेऊन आमच्याकडे यायच्या. मी पाणी ठेवून घ्यायची. फर्नला पुरून उरायचं, त्यात मी धुणं काढायची.

एकदा ले-आऊटमध्ये नव्यानं लग्न होऊन आलेल्या एका सुनेनं मला समजावून सांगितलं की परत आलेलं वाण देणारीनं जगवायचं असतं, ही वऱ्हाडातली फार जुनी रीत आहे, तिच्या सासूबाई सांगतात. मी म्हटलं, असेल.

पुढे काही वर्षांनी भासऱ्यांनी एसी घ्यायचं ठरवलं. आतल्या खोलीचा कूलर काढायचा, खिडकी विटांनी बंद करायची आणि वर एसी बसवायचा, असा बेत होता. कूलर गेला की गळती गेली, आणि आमच्याकडच्या मे महिन्यात गळतीशिवाय बोळ आठ दिवस टिकला नसता. एका दुपारी जाऊबाई स्वतः बोळात आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. चपला बाहेर काढल्या, लुगडं घोट्यावर धरलं आणि ओल्या विटांवर उभ्या राहिल्या. मी तांदूळ निवडत होते.

"काय व," त्या म्हणाल्या, "कूलर काढला तर वाणाले चालते का?"

मी दोन खडे काढून बाजूला ठेवले.

"नाई चालत."

"तुमच्या माहेरी तसं आहे?"

"हो."

त्यांनी मान हलवली आणि गेल्या. एसी शेजारच्या खोलीत बसला. कूलर अजून आहे तिथेच आहे. माझ्या माहेरी मी लहान असताना वीजही आली नव्हती. तिथे कूलरचा नियम कुठून आला असेल, एवढा प्रश्न त्यांना पडायला हवा होता, पण पडला नाही.